कंटेनर कोणाच्या ताब्यात असावा? परीक्षा-तपासणी प्रणालीला पॉडमन जोडतानाचे प्रकरण

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागासाठी आम्ही तिघांनी प्रात्यक्षिक परीक्षेतील प्रोग्राम तपासणारी प्रणाली लिहिली. विद्यार्थी सी, जावा किंवा पायथनमधला आपला प्रोग्राम ब्राउझरमधून सादर करतो. प्रणाली तो ठरलेल्या इनपुटांवर चालवून पाहते, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडते आणि गुण नोंदवते. एवढ्या वर्णनावरून काम सोपे वाटते, परंतु ज्या प्रोग्रामबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही तो आपल्याच यंत्रावर चालवायचा, ही यातली खरी अडचण आहे. न संपणारे लूप, मेमरी मागतच राहणारी रचना, स्वतःच्या प्रती काढत सुटणारी प्रोसेस हे सारे परीक्षेत घडते आणि बहुतेक वेळा खोडसाळपणाने नव्हे, तर घाईत झालेल्या चुकीने घडते. म्हणून प्रत्येक सादरीकरण वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी यंत्रापासून अलग ठेवलेल्या कप्प्यात), नेटवर्कविना, मेमरी, प्रोसेस-संख्या आणि वेळ यांच्या मर्यादेत चालवायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरले. ते कंटेनर आमच्या सॉफ्टवेअरने नेमक्या कोणत्या वाटेने हाताळावेत, हे ठरायला मात्र बरेच दिवस लागले. हे टिपण त्या निर्णयाविषयी आहे.

विभागाच्या सर्व्हरवर अल्मालिनक्स ९ ही लिनक्स प्रणाली होती आणि आमचे सॉफ्टवेअर गो भाषेत होते. प्रणालीला रूटचे (यंत्रावरील सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार मिळणार नाहीत, अशी विभागाची स्पष्ट अट होती आणि ती रास्तही होती. कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या प्रसिद्ध साधनाच्या नेहमीच्या मांडणीत पार्श्वभूमीवरची सेवा रूट म्हणून चालते. तिच्या सॉकेटवर (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या जागेवर) लिहिता येणारे खाते यजमान यंत्राची मुळापासूनची फाइल-रचना एखाद्या कंटेनरमध्ये जोडून घेऊ शकते. म्हणजे डॉकरच्या गटात खाते घालणे हे व्यवहारात रूट देण्यासारखेच आहे. डॉकरचाही रूटविरहित प्रकार उपलब्ध आहे, पण पॉडमन हे त्याच कामाचे दुसरे साधन अल्मालिनक्सच्या स्वतःच्या भांडारातून मिळते, त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्याही त्याच वाटेने येतात आणि सामान्य खात्यातून चालणे हे त्याच्या रचनेतच गृहीत आहे. त्यामुळे साधन कोणते, हा प्रश्न लवकर मिटला.

पुढचे सारे समजण्यासाठी पॉडमनची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यात सतत चालणारी मध्यवर्ती सेवा नसते. प्रत्येक कंटेनरमागे कॉनमॉन नावाचा सी भाषेतला छोटा प्रोग्राम उभा राहतो. तो क्रन किंवा रनसी या रनटाइमकरवी (कंटेनर प्रत्यक्ष उभा करणाऱ्या प्रोग्रामकरवी) कंटेनर सुरू करतो, त्याचे आउटपुट सांभाळतो आणि कंटेनर संपला की त्याचा निर्गमन-क्रमांक (प्रोग्राम कसा संपला हे सांगणारा आकडा) नोंदवून आवराआवरीची आज्ञा चालवतो. ज्याने पॉडमनला कंटेनर सुरू करायला सांगितले तो प्रोग्राम नंतर जिवंत आहे की नाही, याने कॉनमॉनला काही फरक पडत नाही. आमच्या प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी आणि अखेरचे उत्तर, दोन्ही याच रचनेतून आले.

चार वाटा समोर होत्या. पहिली, आमच्या प्रोग्रामने पॉडमनची आज्ञा वेगळी प्रोसेस म्हणून चालवायची आणि तिचे आउटपुट वाचायचे. दुसरी, पॉडमनच्या पोटातली लिबपॉड ही गो लायब्ररी थेट आमच्या प्रोग्राममध्ये घ्यायची. तिसरी, पॉडमनची हवी तेव्हाच जागी होणारी ऐच्छिक सेवा त्याच खात्याच्या सॉकेटवर ठेवून तिच्याशी एचटीटीपीने बोलायचे. चौथी, आणखी खाली उतरून कंटेनरडी या कंटेनर-सेवेची क्लायंट लायब्ररी वापरायची. चौथी आम्ही फार विचार न करता सोडली. कंटेनरडी हा उत्तम पाया आहे, पण तो मुख्यतः दुसऱ्या प्रणालींनी आपल्यावर इमारत उभारावी यासाठी घडवलेला आहे. सामान्य खात्यातून चालवण्याची मांडणी आम्हालाच करावी लागली असती आणि यंत्रावर आणखी एक कायमची सेवा आली असती. आम्हाला हवी होती ती एवढीच कृती: कंटेनर बनवणे, सुरू करणे, तो संपण्याची वाट पाहणे, मारणे आणि काढून टाकणे.

सुरुवातीला आमचे तिघांचेही मन लिबपॉडकडे ओढ घेत होते. कारण उघड होते. आमचा प्रोग्राम गोमध्ये, लायब्ररीही गोमध्ये. फंक्शन बोलवायचे, चूक आली तर ती ठरलेल्या प्रकारची चूक म्हणून हाती येणार, मजकूर चाळत बसायला नको, मधे सॉकेट नको. कागदावर ही सर्वांत स्वच्छ वाट दिसते आणि गो लिहिणाऱ्या कोणालाही ती आधी सुचेल. म्हणून आम्ही तिचा नमुना खरोखर बांधून पाहिला. ते बरे झाले. कारण यातल्या अडचणी नुसते दस्तऐवज वाचून इतक्या स्पष्ट कळल्या नसत्या.

पहिली अडचण बांधणीचीच, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवण्याचीच, निघाली. प्रतिमांच्या (ज्यांपासून कंटेनर बनतो त्या तयार फाइल-संचांच्या) स्वाक्षऱ्या पडताळण्यासाठी जीपीजीएमई, बीटीआरएफएस फाइल-प्रणालीची हेडर, प्रोग्रामच्या धोकादायक मागण्या रोखणारी सेककॉम्पची लायब्ररी अशा सी भाषेतल्या गोष्टी पाठोपाठ आल्या. यातल्या काही बांधणीच्या वेळच्या टॅगांनी टाळता येतात. स्वाक्षरीचे काम निव्वळ गोमधल्या पर्यायाकडे देता येते. तरी एकदा सी आत आले की तयार होणारा प्रोग्राम बांधणाऱ्या यंत्रावरच्या ग्लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीला बांधला जातो, आणि आमच्या नव्या लॅपटॉपवर बनलेला प्रोग्राम सर्व्हरवर सुरूच होईना. एकच फाइल नेऊन ठेवली की झाले, ही गो भाषेची जी सोय आम्ही गृहीत धरली होती ती गेली. हा त्रास सोसण्यासारखा होता; बांधणी अल्मालिनक्सच्याच कंटेनरमध्ये करून तो सुटतो.

दुसरी अडचण अधिक खोलची होती. सामान्य खात्यातून कंटेनर चालवायचा तर आधी नवा यूझर नेमस्पेस (खाते-क्रमांकांचा वेगळा विभाग) हवा, आणि अनेक थ्रेड असलेल्या प्रोसेसला नवा यूझर नेमस्पेस घेण्याची परवानगी लिनक्सचा गाभा असलेला कर्नल देत नाही. गो भाषेचा रनटाइम (प्रोग्रामसोबत चालणारा तिचा आधार-कोड) तर आपले मुख्य फंक्शन सुरू होण्याआधीच थ्रेड उघडून बसलेला असतो. पॉडमनच्या कुटुंबातल्या लायब्रऱ्या यावर अशी युक्ती करतात, की गोचा रनटाइम जागा होण्याआधी सीमधला तुकडा चालतो आणि प्रोग्राम स्वतःलाच नव्या नेमस्पेसमध्ये पुन्हा सुरू करतो. कंटेनरांच्या फाइली सांभाळणाऱ्या साठवणीच्या लायब्ररीलाही काही कामांसाठी आपलाच प्रोग्राम वेगळ्या नावाने पुन्हा चालवावा लागतो. म्हणून मुख्य फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत त्यांचे आरंभ-फंक्शन बोलवावे लागते. आमच्या पहिल्या नमुन्यात ते राहिले होते, आणि साठवणीने प्रोग्राम पुन्हा चालवताच आमचा वेब-सर्व्हरच दुसऱ्यांदा उभा राहू पाहत होता व पोर्ट आधीच वापरात असल्याची चूक देऊन पडत होता. ओळ घातल्यावर ही चूक गेली, पण त्यामागचे वास्तव राहिले: ज्या प्रोसेसमध्ये विद्यार्थ्यांची खाती, गुण आणि डेटाबेसची जोडणी आहे, ती संपूर्ण प्रोसेस आता अशा नेमस्पेसमध्ये जाणार होती जिथे आमचे साधे खाते स्वतःला रूट समजते.

तिसऱ्या अडचणीने निर्णय झाला. कंटेनर संपल्यावर कॉनमॉनने कोणती आज्ञा चालवायची, हे कंटेनर बनवतानाच लिहून ठेवले जाते, आणि ती आज्ञा बांधणारा लिबपॉडच्या सोबतचा कोड चालू प्रोग्रामचाच पत्ता तिथे भरतो. पॉडमन स्वतः चालत असेल तर ते बरोबरच आहे. लायब्ररी आमच्या प्रोग्राममध्ये असेल तर प्रत्येक कंटेनरच्या शेवटी कॉनमॉन आमचाच प्रोग्राम आवराआवरीच्या शब्दांसह चालवणार! तो पत्ता बदलून खऱ्या पॉडमनचा देता येतो, पण मग यंत्रावर पॉडमन ठेवावे लागते आणि आमच्यात बांधलेले लिबपॉड व भांडारातून येणारे पॉडमन या दोन वेगळ्या आवृत्त्या एकाच साठवणीवर आणि एकाच नोंदवहीवर हात ठेवतात. पॉडमनने आपली अंतर्गत नोंद बोल्टडीबी या डेटाबेसवरून एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसकडे नेली आहे. असे बदल एका बाजूने होणार आणि दुसऱ्या बाजूला कळणार नाहीत, हा धोका परीक्षेच्या प्रणालीत आम्हाला पत्करायचा नव्हता. शिवाय लिबपॉडच्या गो फंक्शनांना स्थैर्याची हमी नाही. बाहेरच्या प्रोग्रामांनी सेवेच्या आंतरपृष्ठातून (इतर प्रोग्रामांसाठीच्या ठरलेल्या दारातून) यावे, अशीच प्रकल्पाची अपेक्षा आहे. लिबपॉड वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. ते कंटेनर-इंजिन लिहिणाऱ्यांसाठीचे इंजिन आहे आणि त्याला आपल्या प्रोसेसचा पूर्ण ताबा लागतो, जो वेब-सर्व्हर देऊ शकत नाही.

मग आम्ही आज्ञेच्या वाटेकडे वळलो. या वाटेला बरेच जण कमी लेखतात. ते मला पटत नाही. आज्ञा शेलमधून न चालवता शब्दांची यादी म्हणून दिली तर अवतरणचिन्हांचा घोळ होत नाही, बहुतेक माहिती जेसन या ठरीव मजकूर-स्वरूपात मागता येते आणि आज जी गोष्ट प्रोग्राम करतो तीच उद्या प्रशासक हाताने करून पाहू शकतो, जे बिघाड शोधताना फार मोलाचे असते. निर्गमन-क्रमांकांची थोडी अडचण आहे. पॉडमनचीच चूक असेल तर १२५, आज्ञा चालवता आली नाही तर १२६, सापडली नाही तर १२७, आणि अन्यथा कंटेनरमधल्या प्रोग्रामचा स्वतःचा क्रमांक. विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने स्वतःच १२५ परत दिला तर दोष कोणाचा, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. कंटेनरची नोंद वेगळी तपासून यातून मार्ग निघतो.

घोटाळा वेळेच्या मर्यादेत झाला. गोच्या मानक लायब्ररीत मुदत लावून आज्ञा चालवता येते आणि मुदत संपली की ती प्रोसेस मारली जाते. आम्ही तसेच केले. न संपणारे लूप असलेला नमुना दिला, मुदतीनंतर आमच्या प्रणालीने 'वेळ संपली' असा निकाल नोंदवला आणि आम्ही समाधानी झालो. थोड्या वेळाने सर्व्हरचा पंखा जोरात फिरतो आहे हे एका सहकाऱ्याच्या लक्षात आले. आम्ही मारली होती ती पॉडमनची आज्ञा; कंटेनर कॉनमॉनच्या हाताखाली शांतपणे लूप फिरवत होता. मारण्याचा तो सिग्नल (प्रोसेसला पाठवलेली सूचना) असा आहे की तो कोणालाच पकडता येत नाही, त्यामुळे पॉडमनला तो आत पोचवण्याची संधीच मिळत नाही. सौम्य सिग्नल पाठवला तर पॉडमन तो कंटेनरमध्ये पोचवते, पण आतला प्रोग्राम त्याच्या पीआयडी नेमस्पेसमधला (प्रोसेस-क्रमांकांच्या वेगळ्या विभागातला) पहिला क्रमांक असतो, आणि पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसने स्वतः हाताळणी लिहिलेली नसेल तर कर्नल असा सिग्नल तिच्यापर्यंत लागू होऊ देत नाही. पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्याने सिग्नल-हाताळणी लिहिलेली असेल, ही अपेक्षा करता येत नाही.

त्याच चाचण्यांत आणखी एक परिणाम दिसला. निकालानंतर नोंद तपासायची म्हणून आम्ही कंटेनर आपोआप काढून टाकण्याचा पर्याय बंद ठेवला होता आणि काढण्याचे काम आमच्या प्रोग्रामकडे होते. प्रोग्राम मधे पडला की कंटेनर तसेच राहत. पॉडमन प्रत्येक कंटेनरला एक कुलूप देते आणि अशा कुलपांची मूळ मर्यादा २०४८ आहे. रात्रभर चाललेल्या ताण-चाचणीनंतर सकाळी नवा कंटेनर बनेना, कारण मेलेल्या कंटेनरांनी सगळी कुलपे अडवली होती. मर्यादा वाढवता येते, पण आम्ही ती वाढवली नाही. वाढवली असती तर हीच चूक परीक्षेच्या मधल्या दिवशी उघडी पडली असती.

याच सुमारास प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना आम्ही प्रगती दाखवत होतो. त्यांनी विचारले, “परीक्षा चालू असताना तुमचा प्रोग्रामच बंद पडला तर मुलांनी सादर केलेले जाते का?” त्या प्रश्नाने आमची सारी तुलना एका रेषेवर आली. तोवर आम्ही वेग, सोय, कोडची नीटनेटकी मांडणी असे निकष मांडत होतो. खरा निकष हा होता की आमचा प्रोग्राम मेल्यावर चालू कंटेनरांची जबाबदारी कोणाकडे असेल आणि पुन्हा उठल्यावर ते आम्हाला सापडतील का. लिबपॉड पोटात घेतले तर दोघांचे आयुष्य एकमेकांत गुंतते. आज्ञेच्या वाटेत ती वेगळी राहतात, पण हातातली प्रोसेस म्हणजेच कंटेनर, असा खोटा आभास निर्माण होतो. सेवेच्या वाटेत हा आभासच नसतो: कंटेनर बनवला की एक ओळख-क्रमांक मिळतो, पुढची प्रत्येक कृती त्या क्रमांकावर होते आणि तो क्रमांक डेटाबेसमध्ये लिहून ठेवता येतो.

म्हणून आम्ही ही तिसरी वाट धरली. सेवा उभी करणे सोपे होते. खात्याच्या सिस्टमडीत (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थापकात) पॉडमनचे सॉकेट चालू केले. त्यावर कोणी बोलले की सिस्टमडी सेवा जागी करते आणि काही सेकंद कोणी बोलले नाही की ती आपोआप थांबते. कंटेनर तिच्या पोटात नसून कॉनमॉनकडे असल्यामुळे ती थांबली तरी त्यांना धक्का लागत नाही. खात्यातून कोणी लॉग-इन नसतानाही हे चालावे म्हणून त्या खात्याला लिंगर ही सिस्टमडीची सोय लावावी लागते. ते विसरल्यास चाचणीत सगळे ठीक चालते आणि आपण एसएसएचमधून (दूरस्थ लॉग-इनमधून) बाहेर पडलो की सगळे बंद होते. सॉकेट ज्या डिरेक्टरीत असते ती त्या खात्यापुरतीच खुली असते, म्हणून वेगळा पासवर्ड वा प्रमाणपत्र लागले नाही.

येथे एक उपनिर्णय आला. पॉडमनची सेवा दोन बोली बोलते: एक डॉकरशी जुळणारी, दुसरी स्वतःची. डॉकरची बोली घेतली असती तर उद्या साधन बदलणे सोपे गेले असते. परंतु पॉडमनच्या स्वतःच्या बोलीत कंटेनर बनवतानाच कमाल आयुष्य सांगता येते आणि ते संपले की कॉनमॉन त्याला मारतो. आमचा प्रोग्राम असो वा नसो, न संपणारे लूप संपणारच, ही हमी मला साधन बदलण्याच्या सोयीपेक्षा मोठी वाटली. आम्ही दोन घड्याळे लावली: आमच्या प्रोग्रामचे घड्याळ आधी वाजते, तो कंटेनर मारतो आणि कारण स्वतःच्या नोंदीत लिहितो, कॉनमॉनचे घड्याळ थोडे उशिरा लावलेले आहे आणि ते फक्त आम्ही गैरहजर असू तेव्हासाठी आहे. यामुळे वेळ संपणे आणि मेमरी संपणे यांचा घोळही मिटला. दोन्हींत १३७ हाच, सक्तीने मारल्याचा, क्रमांक दिसू शकतो, पण पहिले कारण आमच्या नोंदीत असते आणि दुसरे कंटेनरच्या नोंदीत मेमरी-मर्यादेने मारल्याचा वेगळा उल्लेख असतो त्यावरून कळते.

गोसाठी पॉडमनचे तयार बाइंडिंग (सेवेशी बोलणारी फंक्शने) आहेत आणि आम्ही त्यांनीच सुरुवात केली. ते चांगले आहेत. मात्र त्यांच्यासोबत साठवण आणि प्रतिमा यांच्या लायब्रऱ्यांची लांब साखळी येते, सी टाळण्यासाठी बांधणीचे टॅग पुन्हा लागतात आणि पॉडमनची मुख्य आवृत्ती बदलली की आयातीचे पत्ते बदलतात. आम्हाला पाचच कृती हव्या होत्या. म्हणून मानक लायब्ररीतल्या एचटीटीपी क्लायंटला युनिक्स सॉकेटकडे वळवून आम्ही त्या पाच विनंत्या स्वतः लिहिल्या आणि जेसनमधली आम्ही वाचतो तेवढीच क्षेत्रे आमच्या रचनेत घेतली. प्रत्येक विनंतीच्या पत्त्यात आवृत्ती लिहिलेली असते, त्यामुळे आपण कोणत्या बोलीत बोलतो आहोत हे सेवेला कळते. पाच कृतींऐवजी पन्नास असत्या तर मी बाइंडिंगच घेतले असते.

हे आंतरपृष्ठ तरी टिकेल का, ही शंका आमच्यातल्या एकाने लावून धरली आणि ती निराधार नव्हती. पॉडमनचे आधीचे दूरस्थ आंतरपृष्ठ व्हारलिंक या वेगळ्या संवाद-पद्धतीवर होते. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत एचटीटीपीचे आंतरपृष्ठ आले आणि २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत व्हारलिंक काढून टाकले गेले. म्हणजे बाहेरचा दरवाजाही कधी बदलतो. दुसरीकडे अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचे उदाहरण समोर होते: तिथे डॉकरशी बोलणारा कोड क्युबलेटच्या (प्रत्येक यंत्रावर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्रामच्या) आतच होता, २०१६ च्या अखेरीस रनटाइमसाठी स्वतंत्र आंतरपृष्ठ आले, तरी आतला तो दुवा पूर्णपणे काढायला २०२२ च्या मे महिन्यातली १.२४ ही आवृत्ती उजाडावी लागली. आत घेतलेली गोष्ट काढायला दरवाजा बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो, असे मी त्यावरून मांडले. आमच्या प्रणालीत पॉडमन हा शब्द एकाच फाइलीत येईल आणि बाकीच्या कोडला फक्त पाच कृतींचे आमचे स्वतःचे आंतरपृष्ठ दिसेल, या अटीवर शंका मागे घेतली गेली.

इनपुट-आउटपुटाबाबत आम्ही सेवेच्या वाटेपासून जाणूनबुजून बाजूला झालो. सॉकेटवरून कंटेनरला जोडून घेतले की आउटपुट आणि चुकांचे आउटपुट आठ-आठ बाइटांच्या शीर्षकांनी विभागलेल्या तुकड्यांत येते. ते वाचणे अवघड नाही, पण आमचा प्रोग्राम मेला की ती जोडणी आणि तिच्यातला मजकूर दोन्ही जातात, आणि मॅडमच्या प्रश्नाला मग उत्तर उरत नाही. म्हणून इनपुटाची फाइल केवळ वाचण्यापुरती आणि आउटपुटाची एक रिकामी फाइल लिहिण्यापुरती कंटेनरमध्ये जोडतो, आतला बाकी सारा भाग वाचण्यापुरताच ठेवतो आणि फाइलीच्या आकाराला कर्नलची मर्यादा लावतो, जेणेकरून छापतच राहणारा प्रोग्राम डिस्क भरू शकत नाही. विद्यार्थ्याचा प्रोग्राम कंटेनरमध्येही रूट नसतो, त्यामुळे त्याचा क्रमांक बाहेर आमच्या खात्याचा नसून त्या खात्याला नेमून दिलेल्या उप-क्रमांकांच्या पट्ट्यातला असतो. फाइल आधीच आम्ही बनवून लिहिण्यास खुली ठेवल्यामुळे ती आमच्याच मालकीची राहते आणि नंतर वाचताना व काढताना अडत नाही. हे उलगडायला आम्हाला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागला.

प्रणाली सुरू होते तेव्हा आता ती आधी आमचे लेबल लावलेले सर्व कंटेनर सेवेकडून मागवते. चालू असतील त्यांची वाट पाहते, संपले असतील त्यांचा निकाल नोंदवून त्यांना काढते, आणि डेटाबेसमध्ये नोंद नसलेले कंटेनर थेट काढून टाकते. मॅडमसमोर आम्ही सराव-परीक्षा चालू असताना प्रोग्राम मुद्दाम मारला आणि पुन्हा सुरू केला. मधल्या काळात संपलेल्या सादरीकरणांचे निकाल फाइलींतून उचलले गेले, चालू असलेली तशीच चालत राहिली. पुढे यंत्रावरचे पॉडमन चौथ्या आवृत्तीवरून पाचव्यावर गेले. तेव्हा कंटेनरच्या नोंदीतल्या काही क्षेत्रांचे प्रकार बदलले होते. आरंभ-आज्ञा पूर्वी एकसंध मजकूर होती, ती शब्दांची यादी झाली. आम्ही ते क्षेत्र वाचतच नसल्यामुळे त्या एका फाइलीलाही हात लावावा लागला नाही.

भाषांच्या प्रतिमा बांधण्याचे काम मात्र आम्ही आजही साध्या पॉडमन आज्ञांच्या स्क्रिप्टनेच करतो. ते सत्राच्या सुरुवातीला एकदा होते, प्रशासक समोर बसलेला असतो, चूक झाली तर ती त्याला वाचता येते आणि आज्ञा मधेच थांबवली तरी कोणाची परीक्षा अडत नाही.